कापराच्या दोन वड्या

आमच्या घरात धान्याला कीड लागणं ही चोरी होण्याइतकी गंभीर गोष्ट होती. सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून आई म्हणत आले. त्या दर एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य गच्चीवर उन्हात पसरायच्या. गव्हाला एरंडेल चोळायच्या, तांदळाला बोरिक पावडर, आणि डाळींच्या डब्यांत वाळलेला कडुलिंबाचा पाला. जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या गल्लीत त्या काळात कोणाच्याही गच्चीवर हेच चित्र दिसे, पण आईंचा थाट सेनापतीचा. एखादं करडं पाखरू स्वयंपाकघरात भिरभिरताना दिसलं की त्या ताटावरून उठत आणि ते कोणत्या डब्यातून निघालं हे सापडेपर्यंत पुन्हा बसत नसत.

आणि त्यांच्या एकुलत्या एका सुनेची नोकरी होती नेमकी तीच पाखरं वाढवण्याची.

मी अमरावतीची. लग्न होऊन जबलपूरला आले आणि वर्षभरात शहराबाहेर जंगलाच्या किड्यांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले. सून सरकारी नोकरीत लागली म्हणून आईंनी गल्लीत पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर मला विचारलं, "पण तू काय करून राहते गं तिथं दिवसभर?"

"पाखरं पोसते, आई. धान्यातली."

"काहून?"

हा प्रश्न बरोबरच होता. मी त्यांना समजावून सांगितलं. सागवानाच्या लागवडीवर पावसाळ्यात एक अळी पडते. ती पानं अशी खाते की नुसत्या शिरा उरतात, अख्खं रान जाळीच्या पडद्यासारखं दिसतं. एवढ्या मोठ्या रानावर विष फवारायचं म्हटलं तर पक्षी, मधमाश्या, नाल्याचं पाणी, सगळंच नासणार. म्हणून आम्ही एक बारीक गांधीलमाशी वाढवतो. इतकी बारीक की मोहरीच्या दाण्यावर चार-पाच सहज बसतील. ती अळीच्या आईनं घातलेल्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि त्यातून अळीऐवजी माशीच बाहेर येते. पण ही माशी वाढवायची तर तिला अंडी लागतात, भरपूर, बारा महिने. ती अंडी देतात धान्यातली पाखरं. म्हणून आम्ही ज्वारी भरडतो, त्यात शेंगदाण्याचा कूट घालतो आणि पाखरांना खायला देतो.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेंगदाण्याचा कूट?" आणि उठून गेल्या. पुढचे कित्येक महिने घरात एक जरी पाखरू दिसलं तरी त्या माझ्याकडे बघत. मी साडीच्या निरीतून आणलं असणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. खरं सांगायचं तर एक-दोनदा ते खरंही असावं.

अशी आमची दहा-बारा वर्षं गेली. मग त्या वर्षी मे महिन्यात आमच्या इमारतीला वाळवी लागली. वरून हुकूम आला की ठेकेदार येऊन भिंतींत आणि जमिनीत औषध सोडेल. जिथे विषाविना कीड कशी आवरावी यावर आम्ही जन्म घालवत होतो, तिथेच विषाचे पिंप उतरले. आमच्या सरांनी उमेदीची वर्षं पहाडातल्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लागवडीत काढली होती, तिथेही असल्याच माश्या सोडण्यात. त्यांनी अर्ज केले, हात जोडले, शेवटी डोक्याला हात लावून बसले. ठेकेदाराचं औषध नुसतं नाकात गेलं तरी आमच्या माश्या मरणार होत्या, आणि वास निदान दीड महिना जाणार नव्हता. आमच्याकडचं माश्यांचं ते वाण सरांनी स्वतः सागवानाच्या रानातून पकडून आणलं होतं. पिढीमागून पिढी आम्ही ते जपलं होतं. ते गेलं असतं तर जुलैत रानात सोडायला आमच्याकडे काही उरलं नसतं.

"कोणाच्या घरी सोय होईल का?" सरांनी विचारलं. सगळे खाली बघायला लागले. मी का हात वर केला ते मला आजही सांगता येणार नाही. स्वभावच तसा. आधी बोलायचं, मग घरी जाऊन निस्तरायचं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा पेपरमागे लपला. आईंनी हातातली चाळणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे आता पाखरं माझ्या घरात पाहुणी येऊन राहिली?"

"दीड महिना फक्त. मागच्या खोलीत. तुमच्या धान्यापासून लांब."

"पाखरांना भिंत कळते का गं?"

पण नाही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी रिक्षातून ज्वारीचे दहा डबे आणले, तोंडाला मलमलीचं कापड बांधलेले, वर जाळीचा पिंजरा, काचेच्या नळ्या आणि माश्यांची कार्डं. दारात आईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. तो माझ्यासाठी होता की पाखरांपासून घर वाचावं म्हणून, हे मी विचारलं नाही.

पहिला आठवडा आई खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच येत. तिथून बघत. आठव्या दिवशी आत आल्या, एका डब्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही ज्वारी गरम होऊन राहिली. यांना उकडते आहे." मी हात लावून पाहिला. खरंच, आतल्या अळ्यांच्या गर्दीनं धान्य तापलं होतं. मला ते थर्मामीटर लावल्याशिवाय कळलं नसतं. मग हळूहळू मला उमगलं की पाखरांबद्दल आईंना जेवढं माहीत आहे तेवढं आमच्या प्रयोगशाळेत कोणालाच नाही. ती झाकणाच्या घडीत कशी दडतात, ओल्या हवेत कशी फोफावतात, सकाळी कोणत्या वेळी सुस्त असतात आणि नळीत अलगद येतात. पन्नास वर्षं ज्यांच्याशी भांडण केलं त्यांची खोड न् खोड त्यांना पाठ होती. कूलरचं तोंड त्यांनीच वळवून घेतलं, ज्वारीला बुरशी येईल म्हणून. ज्वारी कमी पडली तेव्हा कांचघर भागातल्या ओळखीच्या दुकानात स्वतः गेल्या आणि दुकानदाराला बजावलं, "भैया, गोली डाली हुई ज्वार मत देना, कीड़े मर जाएँगे." दुकानदार हिशेबाचं विसरून बघतच राहिला, असं त्यांनी घरी येऊन मोठ्या आनंदानं सांगितलं.

अंडी गोळा करण्याचं काम सकाळचं. पिंजऱ्याखाली ती रव्यासारखी पडत. आई ती बारीक चाळणीतून चाळत, पाखरांच्या पंखांचा भुगा फुंकून टाकत, आणि मी डिंक लावलेल्या कार्डांवर पसरत असे. मग कार्ड माश्यांच्या नळीत. चौथ्या दिवशी माशी लागलेली अंडी काळी पडतात. आईंना मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला त्या दाद देत नव्हत्या. माशी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. पण अख्खं कार्ड तीळ थापल्यासारखं काळं झालं की ते मात्र दिसे. रोज सकाळी चहाच्या आधी प्रश्न, "काळी झाली का?" झाली म्हटलं की चेहरा असा खुलायचा, जणू नातू पास झाला.

काही कार्डं मी फ्रिजच्या दारात ठेवली होती, थंडीत ती पंधरा-वीस दिवस टिकतात. आमच्या शाकाहारी घरात अंड्यांच्या कप्प्यात आजवर लिंबंच राहत आली. आईंनी लिंबं स्वतः काढून वाटीत ठेवली आणि म्हणाल्या, "चलो, तो कप्पा एकदाचा कामी आला."

आणि मग जूनच्या मध्यावर मला तीन दिवस मंडला रोडच्या बाजूला सागवानाच्या प्लॉटवर जावं लागलं. कुठल्या ओळीत कार्डं लावायची ते ठरवायचं होतं. जाण्याआधी मी आईंना सगळं नीट बजावलं. त्या खोलीत धूप नको, उदबत्ती नको, मच्छरांची कॉइल तर नकोच, धूर कसलाही नको. फोडणीच्या वेळीसुद्धा दार लावून घ्या. आईंनी बोटं मोजत सगळं परत म्हणून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले, चप्पल काढून सरळ मागच्या खोलीत गेले. टेबलावर नळ्याही नव्हत्या, कार्डंही नव्हती.

"आई, कार्डं कुठं आहेत?"

त्या देवघरातून आल्या, हातात स्टीलचा डबा. झाकण त्यांनीच उघडलं. "मुंग्या लागून राहिल्या होत्या बाई. परवा बघितलं तर एका कार्डावर नुसती रांग. म्हणून या डब्यात घातलं सगळं. देवघरात गारही राहते."

झाकण निघालं आणि वास आला. कार्डांच्या आणि नळ्यांच्या मध्ये कापराच्या दोन वड्या ठेवलेल्या होत्या. आईंच्या देवाच्या वस्त्रांच्या डब्यातही अशाच दोन वड्या असत, मुंग्या येऊ नयेत म्हणून. मी खिडकीशी नेऊन एकेक नळी उजेडात धरली. माश्या तळाशी पडल्या होत्या. धुळीसारख्या. एकही हलत नव्हती.

मी तीन दिवस ऊन खाल्लं होतं, जीप दोनदा बंद पडली होती. पण ही सबब नाही. मी वळले आणि म्हणाले, "कळत नाही तर हात कशाला लावता तुम्ही?"

आई म्हणाल्या, "धूर नव्हता केला गं. पेटवला नव्हता." एवढंच. मग डबा टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भाताला पाणी ठेवलं.

त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला संध्याकाळ झाली. मी धूर म्हटलं होतं. कापूर म्हटलंच नव्हतं. न पेटवलेला कापूर म्हणजे धूर नव्हे. आईंनी माझा शब्द तंतोतंत पाळला होता, आणि वर मला न सुचलेलं मुंग्यांचं संकटही निवारलं होतं. चूक माझ्या यादीत होती. हे मला त्या संध्याकाळीच कळलं, आणि तरी मी जाऊन तसं म्हणाले नाही. मी रागातच जेवले, रागातच झोपले. रागावलेलं माणूस आपण चुकलो हे कळल्यावर दुप्पट रागावतं, निदान माझं तरी तसं होतं.

वाचली होती ती फक्त फ्रिजमधली कार्डं. त्यांतली दोन जुनी होऊन सुकली होती. तिसऱ्यातून, माझ्या अंदाजानं, काही तरी निघण्यासारखं होतं. पाखरांचे डबे धडधाकट होते, त्यांच्या जवळ कापूर पोचला नव्हता. म्हणजे अंडी हवी तेवढी, पण ती वापरणाऱ्या माश्या फक्त एका नखाएवढ्या तुकड्यात. सरांना फोन केला. ते म्हणाले, "देखिए, जो बचे उसी से चलाइए." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते कार्ड मी नव्या नळीत घातलं आणि वाट बघत बसले. घरात चार दिवस कामापुरतं बोलणं चालू होतं. आई अंडी चाळत होत्या, मी डिंक लावत होते. पण सकाळचा प्रश्न त्यांनी विचारणं सोडलं होतं. काळी झाली का, हे कोणी विचारत नव्हतं आणि त्याशिवाय चहाला चव नव्हती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर नवऱ्यानं विचारलं, "आई, कापूर संपला का? सराफा बाजाराकडे चाललोच आहे, आणू का?"

"आहे," आई म्हणाल्या.

"मग चार दिवस झाले, नुसत्या निरांजनावरच आरती होऊन राहिली."

 आईंनी निरांजनावरून हात फिरवून डोळ्यांना लावला आणि उठल्या. मी दारात उभी होते. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात एकही संध्याकाळ कापराच्या आरतीशिवाय गेलेली मी पाहिली नव्हती, अगदी त्यांना ताप असला तरी. आणि त्या बाईंनी कोणालाही न सांगता ती बंद केली होती. मला रडू आलं. ते लपवायला मी मागच्या खोलीत गेले, आणि तिथे नळीच्या वरच्या टोकाला, खिडकीच्या बाजूला, काही तरी हलताना दिसलं.

"आई," मी हाक मारली. "निघाल्या."

त्या आल्या, नळी डोळ्यांशी धरली. "मला तर रिकामीच दिसून राहिली."

नवरा तसाच सराफ्यात गेला आणि आमच्या पिढीजात सोनाराकडून त्याचं डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं. सोनारानं दिलं, पण माश्या बघायला पाहिजे हे ऐकून कारागिरांसकट हसला असं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात आई गच्चीवर बसल्या, भिंग डोळ्याला लावून. मी नळी धरली होती. त्यांनी ती माझ्या हातून घेतली आणि उजेडाकडे वळवली. मग हळूच म्हणाल्या, "हालून राहिलं बाई. पंख आहेत याला." आणि पुन्हा पाहिलं. "एवढ्याशा जिवाला मी..."

तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की चूक माझी होती. म्हणाले काय, तर, "नळी जरा तिरपी धरा, आई."

त्या मूठभर माश्यांवरून आम्ही वाण पुन्हा उभं केलं. पहिल्या कार्डावर दहा-पंधरा काळे ठिपके, पुढच्या खेपेला चांगला चट्टा, मग अर्धं कार्ड. टेबलाचे पाय आईंनी पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तुपाचं भांडं ठेवतात तसे, मुंग्यांचा प्रश्नच मिटला. हे सगळीकडच्या घरांत करतात आणि मला शिकून-सवरून सुचलं नव्हतं. सकाळचा प्रश्नही परत आला. "काळी झाली का?" जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेतला वास गेला आणि आम्ही सगळं परत नेलं. सर स्वतः दारात उभे होते. त्यांनी आईंसाठी पेढ्यांचा पुडा दिला. आईंनी तो गल्लीत वाटला, कारण काही न सांगता.

त्या वर्षी आम्हाला कार्डं कमी पडली, पण वेळेवर लागली. ऑगस्टमध्ये मी आईंना प्लॉट दाखवायला घेऊन गेले. त्यांनीच हट्ट धरला होता. चिखल होता, नवऱ्यानं त्यांचा दंड धरला होता. नाकेदार म्हणजे तिथला वनरक्षक सांगत होता, "माताजी, इस साल पत्ती बच गई." ती कार्डांमुळे वाचली की पावसानं अळी धुऊन गेली, हे छातीठोकपणे सांगायला सर तयार नव्हते, मीही नव्हते. पलीकडच्या लागवडीची पानं चाळणी झालेली होती, एवढं मात्र खरं.

आईंनी एक फांदी खाली ओढली आणि सागाचं भलंमोठं पान तळहातावर घेऊन त्यावरून दुसरा हात फिरवला. सगळीकडून, कडेपर्यंत, मग उलटं करून पुन्हा. नवी चाळणी विकत घेताना त्या अशीच तपासत, फक्त तिथे भोकं सारखी आहेत का ते बघायचं असे.

"भोक नाही," त्या म्हणाल्या, आणि फांदी सोडून दिली.

त्यानंतर गणपती आले. आरतीच्या वेळी घर माणसांनी भरलेलं. ताटात निरांजन होतं, कापूर नव्हता. मी हळूच म्हटलं, "आई, आता लावा ना. पाखरं गेली केव्हाची."

"राहू दे. एखादं राहिलं असेल घरात."

"आई, ती माशी आठवडाभर जगते फार तर."

"तुझ्या पुस्तकातली जगत असेल आठवडाभर," त्या म्हणाल्या, आणि घंटा माझ्या हातात दिली.

त्यांनी पुन्हा कधीच कापूर लावला नाही. पुढच्या गणपतीला नाही, दिवाळीला नाही. लोकांनी विचारलं तर म्हणायच्या, धुराचा त्रास होतो. मी दरवेळी ठरवायची की आज बोलायचं, आणि दरवेळी काही तरी आडवं यायचं, कधी कुकरची शिटी, कधी दारात कोणी, आणि बहुतेक वेळा माझीच जीभ. आम्ही सासू-सुना एकमेकींशी दिवसभर बोलायचो, भाजीवर, कूलरवर, नवऱ्याच्या आळशीपणावर. त्या दुपारच्या माझ्या एका वाक्यावर मात्र नाही.

गेल्या हिवाळ्यात आई गेल्या. शांतपणे, झोपेत. दिवस झाल्यावर मी देवघर आवरायला घेतलं. वस्त्रांचा डबा, गंधाची सहाण, आणि मागे कोपऱ्यात कापराची पितळी डबी. डबी मी हलवून पाहिली, आवाज आला नाही. उघडली तर रिकामी. कोणी वापरला नव्हता, कापूर जागच्या जागी उडून गेला होता. तळाला नुसता वास होता, तोही नाक अगदी जवळ नेलं तर.

मी डबी दोन्ही हातांत धरून तिथेच जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आई, चूक माझी होती." देवघरात मोठ्यानं. ऐकायला कोणी नव्हतं.

नवरा अधूनमधून विचारतो, कापूर आणू का. मी म्हणते, राहू दे.